निवासी द्विभाषिक आंतरराष्ट्रीय शाळा निवडताना: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला घरापासून दूर, दोन भाषांतून शिकवणाऱ्या शाळेत ठेवायचं म्हणजे एका वेळी दोन निर्णय घेणं. एक शाळेचा, दुसरा घराचा. बहुतेक पालक पहिल्याची कसून चौकशी करतात आणि दुसरा माहितीपत्रकातल्या फोटोंवर सोडून देतात. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये हॉस्टेलचा विषय वारंवार येईल. मूल तिथे वर्गापेक्षा जास्त तास काढणार आहे, आणि दुसरी भाषाही बरीचशी तिथेच शिकणार आहे.

दोन भाषा तर बहुतेक शाळांत शिकवतात. मग द्विभाषिक शाळेत वेगळं काय?

भाषा शिकवणं वेगळं आणि भाषेतून शिकवणं वेगळं. आठवड्याला चार-पाच तास दुसऱ्या भाषेचा तास ठेवणारी शाळा चांगली असू शकेल, पण ती द्विभाषिक नव्हे. द्विभाषिक शाळेत गणित, इतिहास, विज्ञान यांपैकी काही विषय एका भाषेतून आणि काही दुसऱ्या भाषेतून शिकवले जातात, पुस्तकं त्या भाषेत असतात आणि परीक्षाही त्या भाषेत होते.

याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. कुठे अर्धा दिवस एक भाषा, अर्धा दिवस दुसरी. कुठे विषय वाटून घेतलेले. कुठे लहान वर्गांत ९० टक्के वेळ नव्या भाषेला आणि पुढे हळूहळू निम्म्यावर. यातली कोणतीही चालेल, पण ठरलेली हवी. मुलाच्या इयत्तेचं चालू वर्षाचं वेळापत्रक मागून घ्या आणि प्रत्येक तासापुढे भाषा लिहायला सांगा. चित्रकला, खेळ आणि संगीत तेवढे दुसऱ्या भाषेत आणि वजनदार विषय सगळे एकाच भाषेत, असं दिसलं तर काय ते समजून घ्या.

दुसऱ्या भाषेतून विषय शिकवले की भाषा आपोआप येते ना?

समजायला लागते, हे नक्की. बोलण्या-लिहिण्याचं तसं नाही.

कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट-लँबर्ट गावात १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून एक बालवर्ग पूर्ण फ्रेंचमधून सुरू झाला. पुढे ही पद्धत देशभर पसरली आणि तिचा खूप अभ्यास झाला. मुलांचं ऐकणं आणि वाचणं जवळजवळ फ्रेंचभाषक मुलांच्या तोडीचं झालं, इंग्रजीचं नुकसान झालं नाही. पण बोलण्यातल्या आणि लिहिण्यातल्या चुका मात्र वर्षानुवर्षं टिकून राहिल्या. वर्गात सगळीच मुलं इंग्रजी घरांतली होती. शिक्षक सोडले तर फ्रेंच बोलायला कुणी नव्हतं, आणि मधल्या सुट्टीत मुलं अर्थातच इंग्रजीत खेळायची.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६३ मध्ये, अमेरिकेत मायामीच्या कोरल वे शाळेने वेगळी वाट धरली होती. तिथे इंग्रजी घरांतली आणि स्पॅनिश घरांतली मुलं एकाच शाळेत आणली गेली. दोन्ही भाषा शिक्षकांकडून तर मिळायच्याच, सवंगड्यांकडूनही मिळू लागल्या.

तेव्हा शाळेला हे विचारा: दोन्हींपैकी प्रत्येक भाषा घरी बोलणारी मुलं वर्गात किती-किती आहेत? एका भाषेची घरची मुलं जर नसतीलच, तर ती भाषा वर्गाच्या दाराबाहेर पडणार नाही.

नावात ‘इंटरनॅशनल’ आहे, तेवढ्यावर विसंबावं का?

नाही. दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासा.

पहिली, अभ्यासक्रमाची मान्यता. शाळा इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी, शिकवते असं म्हणत असेल, तर ती ‘मान्यताप्राप्त’ आहे की अजून ‘उमेदवार’ आहे ते आयबीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा. उमेदवार शाळेला मान्यता मिळेलच अशी खात्री नसते. शिवाय आयबीची मान्यता कार्यक्रमागणिक वेगळी असते. प्राथमिक कार्यक्रमाची मान्यता असलेल्या शाळेला शेवटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाची असेलच असं नाही.

दुसरी, संपूर्ण शाळेचं मूल्यांकन. कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्ससारख्या संस्था कारभार, शिक्षकांची नेमणूक, बालसुरक्षा, वसतिगृह असं सगळं तपासून मान्यता देतात. अशा संस्थेचं नुसतं सदस्यत्व आणि तिची मान्यता यांत फरक आहे, आणि माहितीपत्रकात बोधचिन्ह दोन्हींचं दिमाखात झळकतं. शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. चांगली शाळा निदान त्याचा सारांश तरी दाखवते.

द्विभाषिक मुलासाठी कोणता अभ्यासक्रम बरा?

मूल पुढे कुठे शिकणार यावर बरंचसं अवलंबून आहे. तरी भाषेच्या दृष्टीने काही फरक लक्षात घ्यायला हवेत.

आयबी डिप्लोमात सहा विषय, प्रत्येकाला कमाल ७ गुण, आणि मुलाने स्वतः लिहायचा दीर्घ प्रबंध व ‘ज्ञानमीमांसा’ (आपल्याला जे कळतं ते कसं कळतं याचा अभ्यास) मिळून ३, असे एकूण ४५ गुण असतात. मूल दोन भाषांचा अभ्यास साहित्यासह, पहिल्या भाषेच्या पातळीवर करत असेल, किंवा इतिहास-अर्थशास्त्रासारखा एखादा विषय अथवा विज्ञान दुसऱ्या भाषेतून देत असेल, तर ठरावीक श्रेणी मिळवून ‘द्विभाषिक डिप्लोमा’ मिळतो. शाळा स्वतःला द्विभाषिक म्हणवत असेल, तर मागच्या तीन वर्षांत तिच्या किती मुलांनी तो घेतला ते विचारा. या एका आकड्यातून बरंच काही कळतं.

केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षा, म्हणजे साधारण दहावीच्या वयातल्या शालान्त परीक्षा, १९८८ पासून होतात. त्यांत इंग्रजी ‘प्रथम भाषा’ आणि ‘द्वितीय भाषा’ अशा दोन वेगळ्या परीक्षा आहेत. मुलाला कोणत्या परीक्षेला बसवणार आणि ते कोण ठरवणार, हे आधीच विचारून ठेवा. प्रवेशाच्या वेळी काही विद्यापीठं यातला फरक बघतात.

युरोपीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या ‘युरोपियन शाळां’चं जाळं १९५३ साली लक्झेंबर्गमध्ये सुरू झालं. तिथे माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षापासून इतिहास आणि भूगोल दुसऱ्या भाषेतून शिकवतात. दुसऱ्या भाषेवर खऱ्या विषयांचा भार टाकणं म्हणजे काय, याचा हा चांगला नमुना आहे. तुमची शाळा या जाळ्यातली नसली तरी ही कसोटी तिला लावून पाहा.

कोणताही अभ्यासक्रम घेतलात तरी परत आपल्या देशात शिकायचं ठरलं तर समकक्षता मिळते का, कोणते विषय घेतले तर मिळते, हे शाळेच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. संबंधित मंडळाकडून वा विद्यापीठाकडून लेखी घ्या.

कितव्या वर्षी पाठवावं?

भाषेचं गणित आधी. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं. पण त्या भाषेत कारणमीमांसा करणं, निबंध लिहिणं, पाठ्यपुस्तकातली गुंतागुंतीची वाक्यं पचवणं, म्हणजे अभ्यासाची भाषा, यायला पाच ते सात वर्षं लागतात. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा भेद १९७९ मध्ये मांडला, आणि या क्षेत्रात त्याचा आधार आजही घेतला जातो.

याचा सरळ अर्थ असा, की सोळाव्या वर्षी अगदी नव्या भाषेत दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू करणं फार जड जातं, मूल कितीही हुशार असो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र पुरेसा अवधी मिळतो.

हॉस्टेलचं गणित वेगळं. माझं स्पष्ट मत आहे, की पर्याय असेल तर अकरा वर्षांच्या आत मुलाला हॉस्टेलमध्ये ठेवू नये. लहान मुलाला आपल्याला काय होतंय ते सांगता येत नाही, आणि तिथे त्याच्या न बोलण्याचा अर्थ लावायला आई-बाबा नसतात. काही कुटुंबांपुढे पर्यायच नसतो, बदलीची नोकरी असते, घरी आजारपण असतं. मग सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी वेगळं घर, वेगळे कर्मचारी आणि वेगळी दिनचर्या असलेली शाळाच बघावी.

शाळा बघायला कधी जावं?

सगळे सकाळी जातात. प्रवेश विभागही सकाळचीच वेळ देतो. प्रयोगशाळा, तरणतलाव, ग्रंथालय, मग मुख्याध्यापकांबरोबर चहा. ते बघाच. पण दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत थांबायची परवानगी मागा. शक्य तर शनिवारी मागा, कारण रिकाम्या वेळात शाळेचं खरं रूप दिसतं.

मेसमध्ये मुलं कशी बसतात ते पाहा. एका टेबलावर एका भाषेची, दुसऱ्यावर दुसऱ्या भाषेची, आणि नवीन आलेलं मूल कडेला ताट घेऊन उभं, असं चित्र असेल तर वेळापत्रकात भाषांची कितीही सुरेख विभागणी असो, तिचा उपयोग मर्यादित आहे. मोठी माणसं मुलांच्या टेबलांवर बसून जेवतात की भिंतीशी उभी राहून लक्ष ठेवतात, तेही पाहा.

संध्याकाळच्या अभ्यासिकेत जा. तिथे हजर असलेल्या शिक्षकाला दोन्ही भाषांत मदत करता येते का? खोल्यांमध्ये जाऊन कपाटांना कुलपं आहेत का, बाथरूमची दारं नीट लागतात का, पलंगाशेजारी दिवा आहे का ते पाहा. रात्री दिवे कधी मालवतात ते विचारा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोप सुचवली आहे. सकाळी साडेपाचला घंटा आणि रात्री साडेदहापर्यंत अभ्यासिका असेल, तर ही बेरीज जमत नाही. तसं तोंडावर विचारायला संकोचू नका.

शाळेने थांबू द्यायला नकार दिला तर कारण विचारा. मुलांच्या खासगीपणासाठी खोल्या दाखवत नसतील तर ते योग्यच आहे. सगळंच टाळत असतील तर दुसरी शाळा बघा.

वॉर्डनशी काय बोलावं?

किती वर्षं इथे आहात, हा पहिला प्रश्न. दर वर्षी वॉर्डन बदलत असेल, तर दर वर्षी मुलाला नव्या माणसाशी शून्यापासून ओळख करून घ्यावी लागते.

मग हे विचारा: तुमच्याकडे किती मुलं आहेत, रात्री या इमारतीत कोण झोपतं, त्याला कोणत्या भाषा येतात? शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. रात्री दोन वाजता पोटात दुखणारं मूल नव्या भाषेत दुखणं सांगू शकत नाही.

आणि एक खुला प्रश्न: गेल्या वर्षी न रमलेल्या एखाद्या मुलाबद्दल सांगाल का, नाव न घेता? ज्याचं मुलांवर खरंच लक्ष असतं त्याला लगेच कुणीतरी आठवतं, आणि तो काय केलं, काय जमलं नाही, हे तपशिलात सांगतो. ‘आमच्याकडे सगळी मुलं मजेत असतात’ हे उत्तर मला काळजीत टाकतं.

हॉस्टेलमध्ये घरची भाषा बोलायला मनाई असते. ते चांगलं ना?

नाही. दोन्ही शालेय भाषांना दिवस किंवा वेळा नेमून देणं, खेळांतून आणि नाटकांतून भाषा बोलती ठेवणं, हे योग्य आहे. पण घरच्या भाषेत बोलल्याबद्दल दंड किंवा शिक्षा करणारी शाळा मुलाला एवढंच शिकवते, की तुझ्या आईची भाषा लपवण्यासारखी आहे. दुःखात आणि रागात मूल घरच्या भाषेकडे वळतं, आणि त्याला तिथे वळू द्यावं.

आमची भाषा शाळेच्या दोन्ही भाषांपेक्षा वेगळी आहे. ती सुटेल का?

लक्ष दिलं नाही तर लेखन-वाचन सुटतं. बोलणं सुट्ट्यांमधून टिकतं, पण ते घरगुती विषयांपुरतं राहतं.

यावर एक वाट आहे, जी फार थोड्या पालकांना ठाऊक असते. आयबी डिप्लोमात शाळेत शिक्षक नसलेल्या भाषेतही मुलाला साहित्याचा अभ्यास घेता येतो. याला शाळेच्या पाठबळावरचा स्वयंअध्ययन मार्ग म्हणतात आणि तो प्रमाण स्तरावर (विषयाच्या दोन स्तरांपैकी सोप्या) उपलब्ध असतो. मूल स्वतः वाचतं, शाळा एका शिक्षकाची देखरेख देते आणि बहुतेकदा बाहेरून त्या भाषेचा मार्गदर्शक शोधला जातो. मुलाला त्या भाषेत चांगलं लिहिता येत असेल तरच हे जमतं, म्हणून तयारी बाराव्या-तेराव्या वर्षापासून हवी. पुस्तकं पाठवत राहा आणि फोनबरोबर पत्रंही लिहा, त्यालाही लिहायला लावा.

वर्गातली हुशार मुलगी तिथे गेल्यावर मागे पडली. काय झालं असेल?

बहुधा बुद्धीचं काही झालेलं नसतं. सातवीच्या विज्ञानाच्या वहीत असा प्रश्न येतो: झाडाची पानं हिरवी का दिसतात ते स्पष्ट करा. नव्या भाषेत मूल लिहितं, ‘पानात हरितद्रव्य आहे. म्हणून हिरवं.’ शेरा पडतो, ‘अपूर्ण’. तोच प्रश्न घरच्या भाषेत तोंडी विचारला तर ते मूल सांगतं, की हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा बराचसा परत फेकतं, तो आपल्या डोळ्यांत येतो. ज्ञान पूर्ण आहे. ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘त्याउलट’ यांनी वाक्यं जोडायची त्या भाषेतली हातोटी अजून आलेली नाही.

चांगली शाळा हा फरक ओळखते. भाषासाहाय्याचे शिक्षक विषयशिक्षकाबरोबर वर्गातच असतात की मुलाला तासातून उठवून दुसरीकडे नेतात, हे विचारा. नेत असतील तर कोणत्या विषयाच्या तासातून? हे साहाय्य किती वर्षं मिळतं आणि त्याची फी वेगळी आहे का? एका वर्षात ‘तयार’ करून देतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो का?

नाही. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी माँट्रियलमधल्या मुलांच्या अभ्यासातून या समजाला धक्का दिला, आणि त्यानंतरच्या संशोधनातही गोंधळाची भीती खरी ठरलेली नाही. मात्र मुलाला वाचनाची किंवा उच्चारांची अडचण असेल तर तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. एकाच भाषेत तपासलं तर भाषेची अनोळख आणि खरी अडचण यांची गल्लत होते.

घरची आठवण येऊन मूल रडलं तर?

येणारच. घरावर प्रेम आहे म्हणून आठवण येते. अमेरिकेतल्या ‘पेडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात २००७ साली यावर सविस्तर मार्गदर्शन आलं होतं. त्यातला एक सल्ला पालकांना अवघड जातो, पण तो अत्यंत मोलाचा आहे: ‘नाही आवडलं तर लगेच घ्यायला येऊ’ असा शब्द जाण्याआधी देऊ नका. मग मूल रुळायचा प्रयत्नच करत नाही, आणि तुम्ही आला नाहीत तर विश्वासही गमावतं.

त्याऐवजी आधी सराव द्या. नातेवाइकांकडे दोन-तीन रात्री, मग आठवड्याचं शिबिर. कॅलेंडरवर भेटीच्या तारखा मुलाच्या हाताने लिहून घ्या. आणि फोनवर मूल रडलं तर ऐकून घ्या, मग वॉर्डनशी बोला. पुष्कळदा फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मूल खेळायला गेलेलं असतं आणि इकडे आई रात्रभर जागी असते.

पण झोप उडणं, जेवण सुटणं, मित्रांत न मिसळणं, गुण एकदम घसरणं, हे काही आठवडे चालू राहिलं तर ती साधी आठवण नव्हे. समुपदेशकाला आणि गरज पडल्यास डॉक्टरांना मध्ये घ्या, आणि स्वतः जाऊन भेटा.

मोबाइल द्यावा का?

शाळेचा नियम पाळा, पण मुलाला घरच्यांशी एकट्याने, कुणी शेजारी न बसता, बोलता येतं याची खात्री करून घ्या. यावर तडजोड नको.

सुरक्षिततेची खात्री कशी करायची?

कॅमेरे आणि उंच कुंपण बाहेरच्यांना अडवतात. मुलांना त्रास देणारी व्यक्ती मात्र बहुतेकदा ओळखीची असते, मोठा विद्यार्थी असो वा कर्मचारी. म्हणून विचारायचं ते असं: प्रत्येक कर्मचाऱ्याची, स्वयंपाकी आणि चालकासह, पार्श्वभूमी तपासली जाते का, आणि तो आधी राहिलेल्या सगळ्या देशांतली तपासली जाते का? बालसुरक्षेचं लेखी धोरण आहे का, त्याची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे? मोठ्या आणि लहान मुलांच्या खोल्या आणि न्हाणीघरं वेगळी आहेत का? नव्या मुलांना ‘परंपरे’च्या नावाखाली काही करायला लावतात का?

आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलाला तक्रार कुणाकडे करता येते? इंग्लंडमधल्या निवासी शाळांच्या किमान मानकांत शाळेच्या नोकरीत नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती मुलांना उपलब्ध असावी अशी अट आहे. तुमची शाळा कुठेही असो, अशी व्यक्ती आहे का ते विचारा. नंतर तिथल्या एखाद्या मुलाला सहज विचारा, ‘त्यांचं नाव काय?’ मुलाला नाव माहीत नसेल तर ती व्यवस्था कागदावरच आहे.

आठवड्याचं हॉस्टेल की पूर्णवेळ?

घर दोन-तीन तासांवर असेल तर आठवड्याचं. फक्त बहुतेक मुलं शुक्रवारी घरी जाणारी आणि तुमचं मूल मागे राहणारं, अशी वेळ येऊ देऊ नका. शनिवार-रविवारी किती मुलं थांबतात, हा आकडा मागा.

फीबाबत काय सांभाळायचं?

जाहीर झालेली फी हा खर्चाचा एक भाग असतो. भाषासाहाय्य, परीक्षा शुल्क, सहली, वैद्यकीय विमा, तुमच्या वतीने मुलाकडे बघणारा स्थानिक पालक (गार्डियन) नेमण्याचा खर्च, लहान सुट्ट्यांत हॉस्टेल बंद असेल तर राहण्याची सोय आणि प्रवास, हे सगळं लेखी मागा. मागच्या पाच वर्षांत फी दर वर्षी किती टक्क्यांनी वाढली तेही.

करार वाचताना दोन कलमं नीट पाहा. डिपॉझिट कधी आणि कसं परत मिळतं, आणि मूल काढायचं असेल तर किती आधी कळवावं लागतं. बऱ्याच शाळा पूर्ण एका सत्राची आगाऊ सूचना मागतात, नाहीतर त्या सत्राची फी भरावी लागते. फी परदेशी चलनात असेल तर विनिमय दराची वाढ धरून शेवटच्या वर्षापर्यंतचा हिशेब करा. शेवटच्या दोन वर्षांत पैशाअभावी शाळा बदलणं मुलाला सर्वांत महागात पडतं.

निकालाचे आकडे कसे वाचावेत?

सरासरीबरोबर संख्या विचारा. आयबी डिप्लोमाची जगाची सरासरी ३० च्या आसपास असते, आणि उत्तीर्ण व्हायला इतर अटींबरोबर किमान २४ गुण लागतात. सरासरी ३८ सांगणाऱ्या शाळेत किती मुलं डिप्लोमाला बसली आणि दोन वर्षांपूर्वी त्या तुकडीत किती होती? मधली मुलं कुठे गेली, याचं उत्तर महत्त्वाचं.

मुलाचं मत किती धरावं?

त्याने ठामपणे नाही म्हटलं तर थांबा. शंका, भीती असेल तर दोन-तीन शाळांमधून त्याला निवडू द्या, हॉस्टेलमध्ये एक रात्र राहून बघू द्या.

वर्षभरानंतरही जमलं नाही तर परत आणावं का?

हो, आणि मुलाला अपयशाची भावना न देता. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर वॉर्डन, वर्गशिक्षक आणि मूल यांच्याशी वेगवेगळं बोला, म्हणजे आगाऊ सूचनेची मुदत हातात असते. परत आणायचं ठरलं तर शक्यतो सत्राच्या शेवटी आणा, मित्रांचा निरोप नीट घेऊ द्या, आणि शाळेकडून गुणपत्रिका, दोन्ही भाषांच्या पातळीचा लेखी अहवाल आणि दाखला निघण्याआधीच हातात घ्या. पुढच्या शाळेत मुलाला योग्य वर्गात बसवायला हेच कागद लागतात, आणि नंतर पत्रव्यवहार करून ते मिळवायला महिने जातात.